निळ्या सोफ्याची तीन घरं

सकाळपासून तिकीटमास्तरांनी पुढचं दार चार वेळा मोजलं होतं. चारही वेळा ते छत्तीस इंच भरलं, तरी त्यांचं समाधान होईना. पाचव्यांदा त्यांनी टेप लावला तेव्हा मास्तरीणबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "अहो, मोजून मोजून झिजेल ते."

"अगं, सोफा चौतीस इंच आहे. दोनच इंच सुटतात. त्या दोन इंचांवर आपलं सगळं अडलंय."

सगळं म्हणजे खरोखरच सगळं. मास्तरांनी एकतीस वर्षं बेटाच्या धक्क्यावर बसून बोटीची तिकिटं विकली होती. घर मात्र धक्क्यापासून वर, टेकडीवर होतं आणि त्याला बेचाळीस पायऱ्या होत्या. तरुणपणी त्या पायऱ्यांचं काही वाटलं नाही. गेल्या वर्षी मास्तरीणबाईंचे दोन्ही गुडघे एकदमच संपावर गेले आणि पायऱ्या त्यांच्यासाठी बंद झाल्या. आठ महिन्यांत त्या एकदाच खाली उतरल्या होत्या, तेही खुर्चीत बसून, दोन हमालांच्या खांद्यावरून, पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना गुडघे दाखवायला.

त्याच फेरीत मुलीने एका एजंटबाईंबरोबर त्यांना पलीकडचा एक तळमजल्याचा फ्लॅट दाखवला होता. दारात पायरी एकच. आत खिडकीशी एक वेताची आरामखुर्ची होती, मास्तरीणबाई तिच्यात टेकल्या आणि रस्त्यावरची माणसं बघत राहिल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "मी इथून उठत नाही." उठावं लागलंच, पण जीव त्या खुर्चीत अडकून राहिला. परत आल्यावर त्या खिडकीत बसायच्या तेव्हा त्यांना समोर समुद्र दिसायचा. समुद्रावर माणसं चालत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

फ्लॅटचा मालक दीड महिना थांबला होता. काल मुलीचा फोन आला. "बाबा, त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. उद्या चारपर्यंत आपलं नक्की कळवायचं, नाहीतर ते देऊन टाकतील."

आणि आज सकाळच्या बोटीने गिऱ्हाईक येणार होतं. वर्षभरातलं पहिलं.

बेटावर घरं विकायचं काम एकच माणूस करायचा. त्याच्या कमरेला बेटावरच्या सगळ्या बंद घरांच्या किल्ल्या खुळखुळायच्या, म्हणून त्याला सगळे चावीभाऊ म्हणत. घर विकायला काढलं की लोक आधी सामान पलीकडे पाठवून देतात आणि मग रिकामं घर गिऱ्हाइकाला खायला उठतं, हे चावीभाऊला फार पूर्वी कळलं होतं. बोटीतून फर्निचर आणायचं म्हणजे नाकी नऊ येतात. म्हणून त्याने एकच सोफा पाळला होता. तीन माणसांचा, निळ्या मखमलीचा, बसलं की माणूस हळूच आत जाईल असा. ज्या घरी गिऱ्हाईक, त्या घरी सोफा. गिऱ्हाईक पुढच्या रस्त्याने आणि सोफा हातगाडीवरून मागच्या गल्लीने. मध्ये वेळ कमी पडला तर चावीभाऊ गिऱ्हाइकाला समुद्र दाखवायचा. बेटावर समुद्र कुठूनही दिसतो, तरी तो मुद्दाम थांबून, हात लांब करून दाखवायचा.

आज प्रथमच एका गिऱ्हाइकाला एका दिवसात तीन घरं बघायची होती. पहिलं बेकरीवाल्याचं, दुसरं शिंप्याचं, तिसरं मास्तरांचं. चावीभाऊ डगमगला नाही. "सोफ्याला तीन खोळी आहेत माझ्याकडे. बेकरीत पांढरी, शिंप्याकडे लाल, तुमच्याकडे मूळचा निळा. तुम्ही फक्त दाराचं माप सांगा," असं तो म्हणाला होता. मास्तरांनी छातीठोकपणे छत्तीस सांगितलं होतं.

"बाईसाहेब मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या," चावीभाऊने बजावलं होतं. "आता रिटायर झाल्यात. बोलायला कडक आहेत. विचारतील तेवढंच सांगा. सोफ्याचं विचारलं तर लग्नात मिळाला म्हणा."

"लग्नात आपल्याला घड्याळ मिळालं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. "तेही बंद."

सव्वाअकराला पायऱ्यांवर धापा ऐकू आल्या. दोन हमाल सोफा डोक्यावर घेऊन वर येत होते. मास्तरांनी खाली वाकून पाहिलं. धक्क्याच्या वळणावर चावीभाऊ हात लांब करून उभा होता आणि त्याच्या शेजारी एक ताठ पांढरी आकृती. समुद्र चालू होता.

"चला, चला, आत घ्या पटकन!"

हमालांनी सोफा आडवा केला, दारात घातला आणि तो अडकला. निम्मा आत, निम्मा बाहेर.

"मास्तर, दार लहान आहे."

"कसं लहान असेल? छत्तीस आहे! हा बघा टेप."

हमालाने टेप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मास्तरांना त्याचं टोक दाखवलं. टेपवरचा पहिला आकडा पाच होता.

मास्तर आत वळले. "अगं, हा टेप…"

"तो पहिल्यापासून चार इंच तुटकाय," आतून आवाज आला. "वाचून झालं की चार वजा करायचे. अख्ख्या घराला माहीत आहे."

"अख्ख्या घरात आपण दोघंच आहोत!"

"मग अर्ध्या घराला माहीत आहे म्हणा."

दार बत्तीस इंचांचं होतं आणि सोफा चौतीस. खालून चावीभाऊचा आवाज वाऱ्यावर येत होता, "आणि हा बघा, इकडून पण समुद्र!" त्यावर मेट्रनबाईंचं उत्तरही स्वच्छ ऐकू आलं, "बघितला. मघाशीही तो इथेच होता."

हमाल सोफा परत बाहेर ओढू लागले, तो बाहेरही येईना. मास्तरांनी हातपाय गाळले. गाळून काही उपयोग नव्हता, म्हणून मग त्यांनीच सुचवलं, "दार काढा." दार बिजागऱ्यांतून निघालं. इंचभर सुटलं. मग सोफ्याचे पाय काढले. मग मास्तरीणबाईंनी पलंगावरून अंगाचा साबण फेकला, तो चौकटीला चोळला आणि दोन्ही हमालांनी अंगणातून पळत येऊन खांदा दिला. चौकट कण्हली आणि सोफा आत येऊन थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदळला.

"आला बाबा एकदाचा," मास्तर म्हणाले.

"आला खरा, पण आता जायचा नाही," मोठा हमाल घाम पुसत म्हणाला. "ढकलायला बाहेर अंगण होतं. आतून ढकलायला जागा कुठाय?"

"ते नंतर बघू. पाय लावा."

पाय तीनच सापडले. चौथा पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला असावा. मास्तरांनी कपाटातून जुन्या कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा काढून त्या कोपऱ्याखाली सरकवला. उरलं दार. ते ठेवायचं कुठे? अंगणात ठेवलं तर दिसणार. मास्तरांची नजर समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागावर गेली. तो डाग दरवर्षी वीतभर वाढायचा आणि तो कसा झाकावा याची त्यांना चार दिवस काळजी लागली होती. त्यांनी दार उचलून त्या भिंतीला उभं टेकवलं. डाग बरोबर झाकला गेला. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात ते क्षणभर उभे राहिले. हमाल मागच्या बाजूने निघून गेले, तेवढ्यात मेट्रनबाई अंगणात आल्या. बेचाळीस पायऱ्या चढूनही त्यांना धाप नव्हती. धाप चावीभाऊला लागली होती.

"या, या," मास्तर म्हणाले. "पायऱ्यांचा त्रास झाला असेल."

"पायऱ्यांचा कसला त्रास? चार मजले दिवसातून दहा वेळा चढायचे मी. लिफ्ट पेशंटसाठी असते." मेट्रनबाई डोळे बारीक करून खोलीभर बघत होत्या. "माझा चष्मा हरवलाय. बोटीत राहिला असावा. मला सगळं जरा धूसर दिसतंय, तेव्हा तुम्हीच नीट सांगा."

मास्तरांना वाटलं, देव पावला. चावीभाऊने त्यांना डोळा मारला.

मेट्रनबाईंनी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली. पलंगाची गादी उचलून बघितली, त्यावर मास्तरीणबाई बसलेल्या होत्या तरी. त्यांचे गुडघे दोन बोटांनी दाबून, "बर्फाने नाही, गरम पाण्याने शेका," असं सांगितलं. मग त्या भिंतीकडे वळल्या.

"इकडे आणखी एक खोली आहे वाटतं?"

मास्तर दारापुढे जाऊन उभे राहिले. "हो… म्हणजे नाही… म्हणजे तशी आहे."

"स्टोअररूम आहे," चावीभाऊ म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अरे वा! जाहिरातीत नव्हती. बघू या."

"बंद असते!" दोघं एकदम ओरडले.

"मग उघडा. तुमच्या कमरेला एवढ्या किल्ल्या कशाला आहेत?"

चावीभाऊने जुडगा काढला आणि एकेक किल्ली निरखून बघायला लागला. त्याच्या कपाळावर घाम आला. कुलूपच नव्हतं, किल्ली कसली बघणार? तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मुलीचा. "बाबा, काय झालं? मालकांचा पुन्हा फोन आला होता." मास्तर कोपऱ्यात जाऊन कुजबुजले, "स्टोअररूम बघतायत." "कसली स्टोअररूम? आपल्याकडे कुठे स्टोअररूम आहे?" "तेच तर," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. त्यांनी मास्तरीणबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीबाहेर बघत होत्या. आठ महिन्यांत मास्तरांना ते गुंडाळणं ओळखू येऊ लागलं होतं. त्यांना आत कुठेतरी फार वाईट वाटलं.

"किल्ली सापडेपर्यंत मी बसते," मेट्रनबाई म्हणाल्या आणि चाचपडत सोफ्यावर बसल्या. हळूच आत गेल्या. त्यांच्या तोंडून एक मोठा सुस्कारा निघाला. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी एकदा डावीकडे कलून पाहिलं, एकदा उजवीकडे. तिकिटांचा गठ्ठा कुरकुरला.

"हा सोफा कुठला?"

"लग्नात मिळाला," मास्तर पाठ केल्यासारखं म्हणाले.

"अस्सं." मेट्रनबाईंनी सोफ्याच्या फटीत हात घातला. तो हात कशाला घातला हे मास्तरांना कळेना. आधी एक बटण निघालं. मग पावाचा एक वाळका तुकडा. मग कोपरापर्यंत हात आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यात चष्मा होता.

मेट्रनबाईंनी चष्मा पदराने स्वच्छ पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हॉस्पिटलात फेरी मारावी तशी सावकाश नजर फिरवली. आधी सोफ्याच्या तीन पायांवर. मग तिकिटांच्या गठ्ठ्यावर. मग उघड्या चौकटीवर, तिच्यावरच्या साबणाच्या फेसावर. शेवटी भिंतीला टेकलेल्या दारावर.

"हे दार कुठे उघडतं?" त्यांनी विचारलं.

चावीभाऊ म्हणाला, "बाईसाहेब, समुद्र…"

"गप्प बसा."

चावीभाऊ गप्प बसला. मास्तर मात्र आता गप्प बसू शकले नाहीत. सकाळपासून गिळलेली सगळी भीती एकदम वर आली. "कुठेही उघडत नाही हो. ते पुढचं दार आहे. मागे ओल आहे, दरवर्षी वाढते. सोफा आमचा नाही. लग्नात घड्याळ मिळालं होतं. टेप तुटका आहे, तो माझ्या लक्षात राहिला नाही. नळाला पाणी सकाळी तासभर येतं. पश्चिमेचा वारा सुटला की कौलं वाजतात. घर वाईट नाही, एकतीस वर्षं आम्ही सुखाने राहिलो. पण हिला पायऱ्या उतरवत नाहीत. पलीकडे हिला एक घर आवडलंय, खिडकीतून माणसं दिसतात तिथे, आणि ते चार वाजता जाणार. म्हणून हे सगळं केलं. चूक झाली."

एवढं बोलून मास्तर खाली बसले. बसायला काही नव्हतं, म्हणून जमिनीवरच बसले.

मेट्रनबाई चावीभाऊकडे वळल्या. "बेकरीवाला म्हणाला, हा सोफा त्याच्या आजोबांचा आहे. शिंपी म्हणाला, मीच शिवला. मला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कमरेला कळत होतं ना! पहिल्या घरात बसले, वाटलं हेच घर घ्यावं. दुसऱ्या घरात बसले, पुन्हा तेच वाटलं. म्हटलं, काय झालंय मला? आयुष्यात एक निर्णय दोनदा घेतला नाही मी आणि आज दर तासाला नवीन घर आवडतंय!"

"बाईसाहेब, त्याचं काय आहे…"

"चाळीस वर्षं मी उभी होते. वॉर्डात खुर्ची असायची ती डॉक्टरची. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता बसायचं. घर नव्हतं आवडत मला. सोफा आवडत होता." त्यांनी मखमलीवर हात ठेवला. "कितीला देता?"

"तो विकाऊ नाही!" चावीभाऊ कळवळला. "माझ्या सासूबाईंचा आहे. माझं स्वतःचं घर चार वर्षांपासून विकायला काढलंय, गिऱ्हाईक आलं की तिथे न्यायचाय. आता लगेच नेतो की नाही बघा. अरे, कुणी आहे का रे?"

हमाल पायऱ्यांवर विडी ओढत बसले होते, ते आले. मोठ्या हमालाने दाराकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आम्ही मास्तरांना मघाशीच सांगितलं. हा आता बाहेर येत नाही. भिंत पाडली तरच."

"मग पाडा!"

"कुणाच्या घराची?" मेट्रनबाईंनी विचारलं. "मास्तर, तुम्ही भिंत पाडू देता?"

मास्तर जमिनीवरून म्हणाले, "नाही. म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं."

"मी नाही म्हणते. मग झालं तर. सोफा या घराचा आहे आणि हे घर माझं. ओल मी बघून घेईन, ओलीपेक्षा वाईट पाहिलंय मी. पाणी सकाळी तासभर येतं ते बरं, मी पाचला उठते. तुमच्या सासूबाईंना काय द्यायचं ते सांगा, चावीभाऊ. आणि मास्तर, उठा. फोन लावा मुलीला. पावणेबारा झालेत."

मास्तरांनी दोनदा चुकीचा नंबर लावला. तिसऱ्यांदा मुलीने उचलला तेव्हा त्यांना एवढंच म्हणता आलं, "सांग त्यांना. आम्ही येतोय." मास्तरीणबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला आणि डोळ्यांना लावला.

जाताना मेट्रनबाई दारात, म्हणजे दार असायला हवं होतं तिथे, थांबल्या. "तो तुटका टेप मात्र घेऊन जा तुमच्याबरोबर. माझ्या घरात नको."

महिन्याभराने मास्तरीणबाई बेचाळीस पायऱ्या उतरल्या, पुन्हा खुर्चीत आणि पुन्हा त्याच दोन हमालांच्या खांद्यावरून. मोठा हमाल म्हणाला, "काकू, सोफ्यापेक्षा तुम्ही सोप्या." बोटीत त्या सगळा वेळ बेटाकडे पाठ करून बसल्या. मास्तरांना वाटलं, रडतायत. पण त्या पलीकडचा धक्का कधी येतो ते बघत होत्या.

फ्लॅटचं कुलूप मास्तरांनीच उघडलं. मुलगी मागून सामानाबरोबर येत होती. खोली स्वच्छ होती, खिडकी मोठी होती, रस्त्यावर माणसंच माणसं होती. मास्तरीणबाई काठी टेकत खिडकीशी गेल्या आणि थांबल्या.

"अहो, खुर्ची कुठंय?"

"कुठली खुर्ची?"

"वेताची. इथे होती. मी बसले होते तिच्यात."

मास्तरांनी दुसऱ्या खोलीत पाहिलं. स्वयंपाकघरात पाहिलं. बाथरूमसुद्धा पाहिलं. "मालकांनी नेली असेल. त्यांचीच असणार ना?"

"त्या एजंटबाई म्हणाल्या होत्या, मालकांच्या वडिलांची आठवण आहे, घराबरोबरच राहील." मास्तरीणबाईंचा आवाज बारीक झाला. महिनाभर त्या रोज त्या खुर्चीबद्दल बोलत होत्या. तिच्यावर कुठली उशी ठेवायची हेही ठरलं होतं.

मास्तर काहीतरी समजुतीचं बोलणार होते, तेवढ्यात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या इमारतीपुढून एक हातगाडी चालली होती. गाडीवर वेताची एक आरामखुर्ची आडवी बांधलेली होती. गाडीच्या पुढे त्याच एजंटबाई घाईघाईने चालत होत्या, घड्याळ बघत. आणि मागून, थोड्या अंतरावर, एक म्हातारं जोडपं येत होतं. त्यांना कुणीतरी थांबवून बाग दाखवत होतं.

मास्तर आणि मास्तरीणबाई एकमेकांकडे बघत राहिले. चोरावर मोर भेटला होता. आधी मास्तरीणबाईंचे खांदे हलायला लागले, मग मास्तरांचे. हसता हसता मास्तरांना खोकला आला.

"अहो, टेप आणलाय ना?" मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दार मोजा पटकन. खुर्ची एकदा आत आली की परत बाहेर जाता कामा नये."

मास्तरांनी पिशवीतून टेप काढला, चौकटीला लावला आणि या वेळी न चुकता चार वजा केले. दार चांगलं अडतीस इंचांचं निघालं. खुर्ची सहज आत आली असती आणि तितकीच सहज बाहेर गेली असती. "नाही गं, फार मोठं आहे," असं हळहळून सांगायला त्यांनी मान वर केली, तर मास्तरीणबाई शेजारी नव्हत्या.

त्या रस्त्यात होत्या. काठी उंचावून, "ओ एजंटबाई, जरा थांबा!" असं ओरडत त्या हातगाडीच्या दिशेने चालल्या होत्या, कुणाच्याही खांद्याशिवाय. मास्तर टेप हातात धरून दारात तसेच उभे राहिले. दारात पायरी एकच होती आणि ती त्या केव्हाच उतरून गेल्या होत्या.